वायझेड कॅन्क्रीचा ग्राफ वरखाली होतोय, तारा की दव?

शेतावरची_दुर्बीण
नमस्कार मंडळी, वाईजवळ शेतावर ८ इंची न्यूटोनियन (आरशाच्या) दुर्बिणीने कर्क राशीतला वायझेड कॅन्क्री हा तारा टिपतोय. एरवी साडेचौदा प्रतीला असतो (प्रतीचा आकडा जितका लहान तितका तारा तेजस्वी), सध्या उजळून ११ च्या आसपास आलाय. ६० सेकंदांचे एक्सपोजर रात्रभर घेतले आणि शेजारच्या एका ताऱ्याशी तुलना करून ग्राफ काढला तर पाव प्रतीचा उंचवटा, मग उतार, मग साधारण दोन तासांनी परत उंचवटा असं दिसतंय. पण उसाला पाणी सोडलेलं असलं की इकडे दव बेक्कार पडतं, त्यामुळे तारा खरंच वरखाली होतोय का आरशाचा खेळ आहे, कसं ओळखायचं?

फ्लॅटफ्रेम
दव पडलं की फ्रेममधले सगळेच तारे मंद होतात, तुलनेत ते बरंचसं कटून जातं. खरा धोका वेगळाय, तुमचा तुलनेचा तारा स्वतःच रूपविकारी, म्हणजे तेज बदलणारा निघाला तर? म्हणून साधारण तेवढ्याच तेजाचा दुसरा तारा चेक म्हणून घ्या आणि चेक वजा तुलना असा वेगळा ग्राफ काढा. तो सपाट आला आणि वायझेडचा उंचवटा तसाच राहिला तर शंका मिटली. नुसताच एका बाजूला सावकाश उतार दिसत असेल तर मात्र सावध, हा तारा निळसर, तुलनेचा लालसर असला की क्षितिजाकडे जाताना असा उतार येतोच.

दुहेरी_तारा
अहो या उंचवट्यांना सुपरहंप म्हणतात, अभिनंदन! म्हणजे साधा उद्रेक नाही, मोठा, सुपरआउटबर्स्ट चालू आहे. आणि यात तारा फुटत नाही हां, ही दोन ताऱ्यांची जोडी आहे, त्यातल्या श्वेत बटूभोवतीची (लहान, दाट ताऱ्याभोवतीची) वायूची तबकडी पेटते. ती मोठी होऊन लांबट होते आणि तिचा लांब अक्षही जोडीदार तारा फिरतो त्याच दिशेने हळूहळू फिरतो, त्यामुळे जोडीदाराला त्या अक्षाला गाठायला थोडं जास्त फिरावं लागतं. घड्याळात मिनिटकाटा तासकाट्याला ६० नाही, पासष्ट मिनिटं उलटल्यावर गाठतो ना, तसंच. कक्षेचा काळ २ तास ५ मिनिटं, तुमचे उंचवटे २ तास १० मिनिटांच्या आसपास यायला हवेत, मोजून बघा.

निशाचर_ठाणे
एवढा अंधुक तारा कशाला, त्यापेक्षा उत्तर मुकुटातला टी कोरोनी घ्या ना, १८६६ आणि १९४६ ला स्फोट झाला होता, एरवीसुद्धा १० व्या प्रतीला असतो.

दुहेरी_तारा
@निशाचर_ठाणे तो रोज एकदा बघावाच, पण तेजाची मिनिटामिनिटाची थरथर पकडायची असेल तर निळा फिल्टर पाहिजे. हिरव्यात बहुतेक उजेड त्याच्या जोडीतल्या लाल राक्षसी ताऱ्याचाच, थरथर त्यात बुडून जाते.

फ्लॅटफ्रेम
एक राहिलं, लॅपटॉपचं घड्याळ. शेतावर नेट नसेल तर जीपीएसवरून वेळ लावा. नोंद यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत), म्हणजे आपल्या वेळेतून साडेपाच तास वजा. अनेक रात्री जोडणार असाल तर सूर्यकेंद्री वेळही (प्रकाश सूर्यापाशी पोहोचल्याची वेळ) काढा, पृथ्वीच्या जागेमुळे ८ मिनिटांपर्यंत फरक पडतो, तुम्ही तर ५ मिनिटांचा फरक शोधताय. मग खुशाल एएव्हीएसओला (रूपविकारी ताऱ्यांच्या नोंदी गोळा करणाऱ्या अमेरिकी संस्थेला) पाठवा.

शेतावरची_दुर्बीण
चेक तारा लावला, पहाटे चारपर्यंत रेघ सपाट आहे, पुढे ठिपके विस्कटलेत म्हणून तेवढा भाग काढून टाकला. उंचवटे जागच्या जागी आहेत! शिखरांमधलं अंतर २ तास ११ मिनिटं येतंय. आज दुय्यम आरशामागे हीटर लावतोय, लाईट राहिली म्हणजे मिळवली.