अमेरिका-युरोपातले माजी फेलो भेटतात, त्यातून ऊर्जाधोरणाचं काही भलं होतं का?

मेधा_श्टुटगार्ट (धागाकर्ती)

गेल्या आठवड्यात आमच्या जुन्या फेलोशिपच्या माजी फेलोंचा मेळावा झाला. कोणी अमेरिकेतून जर्मनीत, कोणी जर्मनीतून अमेरिकेत वर्षभर राहून गेलेलं. आज कोणी वीज नियामक आयोगात आहे, कोणी नगरपालिकेत, कोणी ग्रिड कंपनीत. यंदाचा विषय एकच, ऊर्जा आणि हवामान. परत आल्यावर इथल्या मराठी मित्रमंडळींत वाद झाला. बहुतेकांचं म्हणणं, असले मेळावे म्हणजे करदात्यांच्या पैशांनी ओळखी वाढवणं. मला हे अजिबात पटत नाही, म्हणून हा धागा.

अमेरिकेचं हवामान-धोरण दर निवडणुकीला कूस बदलतं. पॅरिस करार २०१५चा. ट्रम्प यांनी १ जून २०१७ला त्यातून बाहेर पडायची घोषणा केली, २०२०च्या नोव्हेंबरात ती अमलात आली, २०२१च्या सुरुवातीला बायडेन परत आत आले आणि जानेवारी २०२६मध्ये अमेरिका पुन्हा बाहेर. ऑगस्ट २०२२च्या कायद्याने ऊर्जा आणि हवामानासाठी सुमारे ३६९ अब्ज डॉलर ठेवले होते, ४ जुलै २०२५ला सही झालेल्या कायद्याने त्यातलं बरंच काढून घेतलं. इलेक्ट्रिक गाडीवरची साडेसात हजार डॉलरची सवलत ३० सप्टेंबरला संपलीसुद्धा. युरोपातल्या वीज-नियोजकाने मग बोलायचं कोणाशी? मंत्री आज आहे, उद्या नाही. राज्याच्या आयोगातला अभियंता मात्र सरकारं बदलली तरी तिथेच असतो, आणि फोन उचलतो कारण तो आपल्याला ओळखतो.

मी राहते त्या राज्याचंच उदाहरण घ्या. मे २०१५मध्ये बाडेन-व्युर्टेमबर्ग आणि कॅलिफोर्निया यांच्या पुढाकाराने बारा राज्यांनी आणि प्रांतांनी ‘अंडर टू’ या हवामान-करारावर सह्या केल्या. दोन्हीकडे मोटारउद्योग, दोन्हीकडे श्रीमंती, आणि वॉशिंग्टन-बर्लिनच्या परवानगीची वाट न बघण्याची तयारी. २०१७मध्ये वॉशिंग्टनने पाठ फिरवली तरी हा गट मोडला नाही, वाढत गेला. महाराष्ट्रही त्यात आहे, २०२१च्या ग्लासगो परिषदेत या गटाने आपल्या राज्याला पुरस्कारही दिला होता.

आणि माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्याला कमी लेखणाऱ्यांसाठी एक आठवण. अमेरिकेचे तेव्हाचे परराष्ट्रमंत्री जॉर्ज मार्शल यांनी ५ जून १९४७ला युरोपच्या पुनर्बांधणीची कल्पना मांडली ती हार्वर्डमध्ये, माजी विद्यार्थ्यांच्या दुपारच्या सभेत. त्यातून उभ्या राहिलेल्या मदतीतला दहा टक्क्यांहून जास्त पैसा एकट्या तेलावर खर्च झाला. पुढे बरोबर पंचवीस वर्षांनी, त्याच तारखेला आणि त्याच हार्वर्डमध्ये, पश्चिम जर्मनीचे चान्सलर विली ब्रांट यांनी आपल्या देशाच्या वतीने १५ कोटी मार्कांची देणगी जाहीर केली आणि जर्मन मार्शल फंड स्थापन झाला. अटलांटिकपलीकडच्या ओळखी टिकवायच्या तर त्यावर पैसा खर्च करावा लागतो, हे त्या पिढीला कळत होतं.

अनिकेत_भोसरी

मेधाताई, मार्शल बोलले ते परराष्ट्रमंत्री म्हणून. समोर माजी विद्यार्थी होते म्हणून युरोप उभा राहिला नाही. एवढं बोलून माझ्या मूळ आक्षेपाकडे येतो.

माझा नट-बोल्टचा कारखाना आहे, थोडा माल जर्मनीला जातो. युरोपची कार्बन सीमा-कर योजना, म्हणजे आयात माल बनवताना झालेल्या उत्सर्जनावरचा कर, ऑक्टोबर २०२३पासून माहिती गोळा करण्यापुरती होती, १ जानेवारी २०२६पासूनच्या मालावर तिचा पैसा लागतो. बोल्ट तिच्या यादीत आहेत. आयातदाराकडून एक्सेल शीट येते. तुमची हीट ट्रीटमेंटची भट्टी गॅसवर की विजेवर, वायर रॉड (बोल्ट ज्यापासून बनतात ती पोलादी सळई) कोणाचा, त्या पोलादाच्या टनामागे किती उत्सर्जन. शेवटच्या रकान्यात गाडी अडते. वायर रॉड मी व्यापाऱ्याकडून घेतो. सोबतच्या टेस्ट सर्टिफिकेटवर हीट नंबर, म्हणजे पोलादाच्या घाणीचा क्रमांक, असतो, कार्बन-मँगनीज किती टक्के ते असतं, पण भट्टीने किती धूर सोडला ते कुठेच नसतं. पोलादाची गिरणी आमच्यासारख्या लहान गिऱ्हाइकाला उत्तर देत नाही. रकाना रिकामा राहिला की युरोपने ठरवून दिलेला आकडा लागतो आणि तो आमच्या बाजूने धरलेला नसतो.

छपरावर सोलर बसवलं तर आकडा सुधारेल असं वाटलं होतं. पण पोलादाच्या मालाला फक्त थेट उत्सर्जन मोजतात, वापरलेली वीज त्यात धरतच नाहीत. म्हणजे कर्ज काढून पॅनेल लावणारा आणि न लावणारा एकाच रांगेत. हा नियम ठरवताना भोसरीचं, राजकोटचं, लुधियानाचं कोण होतं तिथे?

आता अमेरिकेचं बघा. स्वच्छ पोलादाचा करार करायला युरोप आणि अमेरिका ऑक्टोबर २०२१पासून दोन वर्षं बसले, जमलं नाही. ऑगस्ट २०२५च्या संयुक्त निवेदनात मात्र अमेरिकेच्या लहान उद्योगांच्या तक्रारींची दखल घेऊन या करात जादा लवचिकता देण्यासाठी प्रयत्न करण्याचं युरोपने कबूल केलं. लहान उद्योग आमच्याकडेही आहेत. फरक इतकाच की अमेरिकेच्या बाजूने बोलणारे तुमच्या मेळाव्यांतून आधीच ओळखीचे झालेले असतात. ओळखीचा फायदा होतो हे तुमचं म्हणणं मला मान्यच आहे, माझी तक्रार नेमकी तीच आहे.

गुहागरकर

अनिकेतशी शंभर टक्के सहमत. गॅसचंही तेच.

२०१२मध्ये गेल या आपल्या सरकारी गॅस कंपनीने रशियन कंपनीच्या सिंगापूर शाखेशी वीस वर्षांचा करार केला होता, वर्षाला २५ लाख टन एलएनजी, म्हणजे जहाजाने येणारा द्रवरूप गॅस. एप्रिल २०२२मध्ये त्या शाखेची जर्मनीतली मूळ कंपनी जर्मन सरकारच्या ताब्यात गेली, पुढे तिचं नाव सेफे झालं. त्याच वर्षी आपल्याला ठरलेली जहाजं येईनाशी झाली. त्या कंपनीने दंड भरला, गॅस दिला नाही. गेलने लवादात दावा लावला आणि जानेवारी २०२५मध्ये २८.५ कोटी डॉलरवर तडजोड झाली. पण २०२२मध्ये खतकारखान्यांना गॅस तोडावा लागला तो तोडावाच लागला. त्याच डिसेंबरात जर्मनीत विल्हेल्म्सहाफेनचं तरंगतं एलएनजी टर्मिनल सुरू झालं. वर्षाच्या आत टर्मिनल उभं केलं म्हणून अटलांटिकच्या दोन्ही काठांवर त्यांचं कौतुक झालं.

आमच्या अंजनवेलला या. एन्रॉनच्या दाभोळ वीजप्रकल्पाचा पहिला टप्पा मे १९९९मध्ये सुरू झाला, २००१मध्ये वीज मंडळाने वीज घेणं थांबवलं आणि डिसेंबरात कंपनीनेच दिवाळं काढलं. एलएनजी टर्मिनल नंतर चालू झालं, पण लाटा अडवणारा बंधारा अर्धवट असल्याने वर्षानुवर्षं पावसाळाभर बंद राहायचं. कोळशावरून गॅसवर या, असा सल्ला आम्हाला कोणत्या तोंडाने देतात? गॅस महागला की जहाज वळवणार ते, आणि कोळसा जाळला म्हणून बोल लावणार तेही तेच.

शिरीष_ह्यूस्टन

मी एलएनजीच्याच धंद्यात आहे. गुहागरकर, सेफेच्या बाबतीत तुमचा राग रास्त आहे. पण जहाजं मेळाव्यांनी वळवली नाहीत, भावाने वळवली. अमेरिकन गॅसच्या बहुतेक करारांत माल कुठे उतरवायचा याची अट नसते. २०२२मध्ये युरोप जास्त भाव देत होता, जहाज तिकडे गेलं. पाकिस्तान आणि बांगलादेश अंधारात बसले त्याचं कारणही हेच. वाईट झालं, पण त्याचा दोष संध्याकाळी एकत्र जेवणाऱ्या माजी फेलोंवर टाकता येणार नाही.

या भेटींचा मला दिसलेला उपयोग सांगतो. जुलै २०२५मध्ये स्कॉटलंडात ट्रम्प आणि युरोपीय आयोगाच्या अध्यक्ष फॉन डेर लायन यांनी जाहीर केलं की युरोप तीन वर्षांत ७५० अब्ज डॉलरची अमेरिकन ऊर्जा घेईल. म्हणजे वर्षाला २५०. २०२४ची सगळी खरेदी त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास होती. एवढी टर्मिनलं नाहीत, एवढी मागणी नाही. हे दोन्हीकडचे अभियंते अशा बैठकीत पहिल्या दहा मिनिटांत मोकळेपणी बोलतात. अधिकृत वाटाघाटीत बोलता येत नाही, कारण तिथे प्रत्येकाच्या पाठीमागे साहेब बसलेला असतो.

दुसरं मिथेन. युरोपने २०२४मध्ये नियम केला, २०२७पासून आयात गॅसची गळती मोजल्याचा पुरावा लागणार. पहिल्या वीस वर्षांच्या हिशेबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या ऐंशीपट तापवतो. आम्ही इन्फ्रारेड कॅमेरा घेऊन फ्लँज न् फ्लँज, म्हणजे पाइपांचा एकेक सांधा, बघतो. साध्या डोळ्यांना काही दिसत नाही, कॅमेऱ्यात मात्र व्हॉल्व्हच्या देठाशी काळा लोट उठताना दिसतो. पण विहिरीपासून आमच्या फाटकापर्यंत गॅस कित्येकांच्या पाइपांतून एकत्र होऊन येतो, गळती कोणाच्या नावावर लावायची? हा प्रश्न युरोपच्या खरेदीदाराला कागदावर तीनदा लिहून कळला नव्हता, समोरासमोर बसल्यावर एका दुपारीत कळला. पुढच्या मसुद्यात त्यांनी सवाल बदलला.

सुजाता_नगर

धोरण पसरायला मेळावा लागतो हेच मला मान्य नाही. जर्मनीत बाल्कनीला टांगायचे, सरळ प्लगमध्ये घालायचे सोलर पॅनेल घरोघरी आहेत, २०२४पासून ८०० वॉटपर्यंत मुभा. मार्च २०२५मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्याने १२०० वॉटपर्यंत तसाच कायदा केला. रिपब्लिकन राज्य, रिपब्लिकन आमदार. त्याने वर्तमानपत्रात जर्मनीतल्या बाल्कन्यांबद्दल वाचलं आणि विधेयक मांडलं. फेलोशिप नाही, विमानप्रवास नाही. हवामानावर बोलायला समुद्र ओलांडून उडत जाणं मला मुळातच खटकतं.

मेधा_श्टुटगार्ट

सुजाता, युटाचा दाखला फार चांगला दिलास. पण कायदा झाल्यावर खरं काम सुरू होतं. त्या कायद्यात उपकरणाला सुरक्षा-प्रमाणपत्राची अट आहे. जर्मनीत घरात २३० व्होल्ट, अमेरिकेत १२०. तिथल्या जुन्या वायरिंगवर पॅनेलचा प्रवाह उलटा आला तर ब्रेकरला कळणार का, प्लग उपसला तर पिना किती वेळात मृत व्हायला हव्यात, हे लेख वाचून ठरत नाही. यंदाच्या मेळाव्यात या एका विषयाने अख्खी सकाळ खाल्ली, आणि बोलणारे दोन्हीकडचे वायरमनकी कळणारे लोक होते. उड्डाणांबद्दलचा तुझा आक्षेप मला मान्य नाही. वर्षाकाठी एक भेट मी सोडणार नाही.

अनिकेत, तुझा प्रतिसाद मी दोनदा वाचला. खोलीत कोण नाही हा तुझा सवाल बरोबर आहे, पण म्हणून खोलीच बंद करा हे मला पटत नाही. ती बंद झाली तर पोलादाचे नियम मोठ्या गिरण्यांचे वकील ठरवतील, आणि ते तुला काय, कोणालाच बोलावणार नाहीत. पुढच्या वर्षीच्या विषयांत सीमा-कर आहे. वापरलेल्या विजेबद्दलचा तुझा मुद्दा तिथल्या किती जणांना माहीत असेल याची मला शंका आहे. आयातदाराचं नाव खोडून ती एक्सेल शीट मला पाठवशील का? आणि तू स्वतः बोलायला येशील का? ऑनलाइन नको, खुर्चीवर बसून. खर्चासाठी मी आयोजकांशी भांडते.

अनिकेत_भोसरी

शीट पाठवतो. येण्याचं नंतर बघू, मार्चअखेर सोडून कधीही.

पण ताई, एका माणसाला बोलावून हे मिटणार नाही. मी दहा मिनिटं बोलेन, लोक टाळ्या वाजवतील आणि नियम तसाच राहील. मला तीन गोष्टी लेखी हव्यात. वायर रॉडचा आकडा लहान खरेदीदाराला देणं गिरणीवर बंधनकारक करायची मागणी तुमच्यातले अधिकारी ब्रसेल्सकडे करणार का? रकाना रिकामा राहिला तर भारताच्या सरासरीवर, म्हणजे पोलादाच्या टनाला अडीच टन उत्सर्जनाच्या आसपास, थांबणार का, की त्यावर आणखी चढवणार? आणि अमेरिकेच्या लहान कारखान्याला जी सूट मिळेल ती आम्हालाही, त्याच तारखेपासून, मिळणार का? याचं उत्तर आलं तर पुढच्या मेळाव्याच्या वर्गणीला माझेही पैसे घ्या.

गुहागरकर

चौथा प्रश्न माझा जोडा. पुन्हा टंचाई आली तर आधी केलेला करार पाळणार की दंड भरून मोकळे होणार?