पहिला प्राणी निवडताना पहिल्या जिमचा विचार करावा का?

तिरपागडे
माझ्या भाच्याला मी माझा जुना गेम बॉय दिला असून त्यात पोकेमॉन रेड या प्राणी पकडून लढवण्याच्या खेळाचे कार्ट्रिज आहे. खेळाच्या सुरुवातीला प्रोफेसर ओक टेबलावरच्या तीन चेंडूंतून गवती बल्बसॉर, अग्नीचा चारमँडर किंवा पाण्याचा स्क्वर्टल निवडायला देतो. त्यांपैकी कोणता उचलावा, असे त्याने मला विचारले, आणि मी क्षणाचाही विलंब न लावता चारमँडर म्हणालो. घरातील इतर जाणकारांनी यावर आक्षेप घेतल्यामुळे हा धागा काढत आहे.

बल्बसॉर घ्यावा असे सांगणाऱ्यांचा सारा युक्तिवाद पहिल्या दोन जिमांवर, म्हणजे ब्रॉक आणि मिस्टी या जिमप्रमुखांशी होणाऱ्या लढतींवर, उभा असतो. ब्रॉकचे जिओडूड आणि ओनिक्स हे दगड व जमीन अशा दुहेरी प्रकाराचे असल्यामुळे गवती हल्ला त्यांना चौपट लागतो, आणि पुढे मिस्टीच्या पाण्यावरही गवतच चालते. हे खरे आहे, परंतु जिम एकूण आठ आहेत. माझ्या मते सुरुवातीच्या प्राण्याची किंमत तो पुढे वाटेत दुसरीकडे मिळू शकतो की नाही यावरून ठरवावी. पाण्याचे प्राणी तर या खेळात पैशाला पासरी आहेत. माउंट मूनच्या पायथ्याशी पाचशेला विकत मिळणारा मॅजिकार्प विसाव्या लेव्हलला गॅराडोस होतो. गवतासाठी सेरुलियनच्या उत्तरेला ऑडिश भेटतो. अग्नी प्रकाराचे प्राणी मात्र मोजकेच आहेत, आणि त्यांतले पोनिटासारखे काही तर थेट सिनाबार बेटावर पोहोचल्यावर दिसतात. जे दुर्मीळ आहे ते फुकट मिळत असताना घ्यावे, एवढेच माझे म्हणणे आहे.

दुपारची झोप
धागाकर्त्यांशी असहमत. आपण हिशेब पूर्ण खेळाचा करत आहात, पण भाचा खेळणार आहे तो पहिला आठवडा. ब्रॉकपर्यंत पोहोचताना मुलाच्या हाती एक सुरुवातीचा प्राणी आणि फार तर एखादा पिजी किंवा रटाटा असतो. पुढे सहा जणांचा संघ उभा राहिला की पहिला कोणता घेतला होता याने फारसा फरक पडत नाही. सुरुवातीच्या प्राण्याची गरज सुरुवातीलाच असते, म्हणून त्याची परीक्षाही तिथेच घ्यावी. ओनिक्ससमोर चारमँडरचे ओरखडे म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. मी लहानपणी याच जागी अडकलो होतो आणि व्हिरिडियनच्या जंगलात किडे मारत तीन दिवस काढले होते, त्यामुळे या विषयावर मी तटस्थ नाही हे आधीच कबूल करतो.

वाटाण्याची उसळ
@दुपारची झोप, एक दुरुस्ती सुचवतो. ओरखड्यांबद्दल आपले म्हणणे बरोबर आहे, कारण ओनिक्सचा डिफेन्स (साध्या हल्ल्यांपासूनचा बचाव) १६० आहे. परंतु त्याचा स्पेशल (विशेष हल्ल्यांची ताकद व बचाव दाखवणारा आकडा) अवघा ३० आहे, आणि पहिल्या पिढीत, म्हणजे रेडसारख्या सुरुवातीच्या खेळांत, अग्नी प्रकाराचे हल्ले स्पेशलवरच मोजले जातात. चारमँडर नवव्या लेव्हलला एम्बर हा अग्नीचा हल्ला शिकतो. दगडावर तो निम्माच लागत असला तरी इतक्या दुबळ्या स्पेशलपुढे तो निम्मा हल्लाही ओरखड्यांपेक्षा पुष्कळ अधिक लागतो. शिवाय रेडमधल्या ब्रॉकच्या दोन्ही प्राण्यांकडे दगडी हल्ला एकही नाही. ओनिक्सचा रॉक टूम हा दगडी हल्ला २००४ च्या फायररेडमध्ये, म्हणजे याच खेळाच्या नव्या आवृत्तीत, आला, आणि अनेकांच्या आठवणीत हे दोन खेळ एकमेकांत मिसळलेले असतात. तीन दिवस किडे मारण्याऐवजी त्याच जंगलातला एक कॅटरपी पकडला असता, तर दहाव्या लेव्हलला त्याचा बटरफ्री होऊन आणि बाराव्याला कन्फ्यूजन हा मानसिक हल्ला मिळून ब्रॉकचा प्रश्न तिथेच मिटला असता.

कोकणकडा
स्क्वर्टलची बाजू कोणीच मांडत नाही म्हणून लिहितो. पाण्याचे प्राणी विपुल आहेत हे मान्य, परंतु पाण्यावरून प्रवासासाठी सर्फ ही मूव्ह कुणाला तरी शिकवावीच लागते, आणि पहिल्या पिढीत एचएम (अशी प्रवासाला लागणारी मूव्ह) एकदा शिकवली की ती काढून टाकण्याची सोयच नाही. बहुतेक प्राण्यांच्या बाबतीत अशी मूव्ह म्हणजे चारपैकी एक जागा कायमची वाया जाणे असते. स्क्वर्टलचे अंतिम रूप असलेल्या ब्लास्टॉइजच्या बाबतीत मात्र ९५ शक्तीची सर्फ हाच त्याचा मुख्य हल्ला ठरतो. प्रवासाचे वाहन आणि लढाईचे शस्त्र एकाच प्राण्यात मिळत असेल, तर आणखी काय हवे?

तिरपागडे
@कोकणकडा, हेच काम सिल्फ कंपनीच्या इमारतीत फुकट मिळणारा लाप्रास करतो, आणि वर बर्फाचे हल्लेही करतो. म्हणजे आपले उदाहरण माझ्याच बाजूने जाते.
@दुपारची झोप, कॅटरपीचा उपाय समोर आल्यावर ब्रॉकची अडचण उरते असे मला वाटत नाही. मिस्टीचा स्टारमी चारमँडरला जड जातो, हे मात्र मी नाकारत नाही. तिथे ऑडिश लागतोच.

वाटाण्याची उसळ
आता माझे खरे मत मांडतो. धागाकर्त्यांचे तत्त्व मला पूर्ण मान्य आहे. त्यांनी काढलेला निष्कर्ष तेवढा चुकला आहे. पहिल्या पिढीत क्रिटिकल हिटची (नेहमीपेक्षा जास्त लागणाऱ्या फटक्याची) शक्यता प्राण्याच्या मूळ स्पीडवर ठरते. साध्या मूव्हसाठी ती स्पीडला ५१२ ने भागून येते, आणि रेझर लीफ या गवती हल्ल्यासारख्या मूव्हसाठी त्याच्या आठपट होते. बल्बसॉरचे अंतिम रूप असलेल्या व्हीनसॉरचा मूळ स्पीड ८० आहे, म्हणजे गणिताने शक्यता शंभर टक्क्यांच्याही वर जाते आणि खेळ ती २५६ पैकी २५५ वर थांबवतो. थोडक्यात, त्याचा जवळजवळ प्रत्येक रेझर लीफ क्रिटिकल बसतो. त्याआधीचे रूप असलेल्या ६० स्पीडच्या आयव्हीसॉरलाही सुमारे ९४ टक्के मिळतात, आणि तो ही मूव्ह तिसाव्या लेव्हलला शिकतो. असे शस्त्र त्या वेळी आणखी कोणाकडे असते?

तिरपागडे
बेलस्प्राउट या गवती प्राण्याचे अंतिम रूप असलेल्या व्हिक्ट्रीबेलकडे! त्याचा स्पीड ७०, म्हणजे तोही त्याच मर्यादेला टेकतो. त्याचे मधले रूप असलेल्या वीपिनबेलला लीफ स्टोन देऊन व्हिक्ट्रीबेल करण्याआधी अडतिसाव्या लेव्हलपर्यंत थांबावे लागते, एवढाच काय तो फरक.

वाटाण्याची उसळ
बेलस्प्राउट रेडच्या जोडीच्या ब्लू आवृत्तीत सापडतो. आपल्या भाच्याकडे रेड आहे, असे आपणच पहिल्या परिच्छेदात लिहिले आहे. रेडमध्ये त्याच्या जागी ऑडिश आहे, आणि ऑडिश किंवा त्याची पुढची रूपे ग्लूम व व्हाइलप्लूम यांपैकी कोणीही रेझर लीफ शिकत नाही. उलट अग्नीसाठी रेडमध्ये सॅफ्रनच्या दोन्ही बाजूंच्या रस्त्यांवर ग्राउलिथ हा अग्नीचा प्राणी मिळतो, आणि त्याला पुढच्या रूपात नेणारा फायर स्टोन सेलाडॉनच्या दुकानात विकायला ठेवलेला असतो. म्हणजे त्या कार्ट्रिजमध्ये अग्नीला पर्याय आहे आणि रेझर लीफला नाही.

दुपारची झोप
वेगळ्या वाटेने का होईना, पण बल्बसॉरच. धन्यवाद.

तिरपागडे
ग्राउलिथला फ्लेमथ्रोअर हा अग्नीचा हल्ला पन्नासाव्या लेव्हलला मिळतो आणि चारमँडरचे अंतिम रूप असलेल्या चारिझार्डला शेहेचाळिसाव्या, त्यामुळे तो तंतोतंत पर्याय नाही, हे नोंदवून ठेवतो. चारिझार्डला या आवृत्तीत फ्लाय (उडून प्रवास करण्याची एचएम) शिकवता येत नाही, ही गोष्ट आतापर्यंत कुणाच्या लक्षात आली नाही याचा फायदा मी घेत होतो. रेड आणि ब्लू यांतला फरक मात्र मी खरोखरच विसरलो होतो. भाच्याने काल रात्रीच माझ्या सांगण्यावरून चारमँडर घेऊन सेव्ह केले आहे. आता त्याला कॅटरपी पकडायला सांगतो.