बट्टी, रोडगे, बाट्या: तुमचे अनुभव सांगा (फसलेले आधी)

खान्देशकन्या
काल गिरणीत डबा ठेवला. "जाड की बारीक?" नेहमीचा प्रश्न. माझ्या तोंडून निघून गेलं, "बट्टीचं." तो बघतच राहिला. पुण्यात १५ वर्षं झाली, हा शब्द इथे कुणापुढे वापरलाच नव्हता. जळगावकडे तेवढा एक शब्द पुरतो. पोळीच्या पिठाहून जाड, रव्याहून जरा बारीक, गव्हात मूठ-दोन मूठ मका. इथे समजावत बसले तोवर मागे रांग लागली.

मग आज केल्याच. ओवा, जिरं, हळद, मीठ, तेलाचं मोहन. मोहन लावलेलं पीठ मुठीत दाबलं की मुटका टिकला पाहिजे, एवढी एकच आईची परीक्षा. घट्ट भिजवून लांबट उंडे वळले, चाळणीत २० मिनिटं वाफवले. आता गार होऊ द्यायचे, मग कापून तळायचे. गार व्हायच्या आत मी सुरी घातली! लहानपणी नेमकं इथेच ओरडा बसायचा, "धीर धर, बट्टी काय पळून चालली का?" सगळा भुगा. तोच तळला न तळला करून वरणात कालवला, वर तूप, लिंबू. दोन घास गेले आणि रडूच आलं. याच महिन्यात आईला जाऊन तीन वर्षं झाली.

वऱ्हाडी ठेचा
तळता काहून बापा?? रोडगे गोवरीवरच. शेतात मारुतीपुढं कार्यक्रम असला की बाबा अन् काका लोकं गोवऱ्यांचा जगरा लावत. ज्वाळ पूर्ण बसू द्याची, मग निखाऱ्यात रोडगे दडपाचे. भाजले की धोतराच्या फडक्यात टाकून दोघांनी दोन टोकं धरून झुलवाचे, राख झडते. वांग्याची भाजीबी माणसंच करत. बाया त्या दिवशी फक्त नावं ठेवायला 😄

सायलेंट_वाचक
खान्देशकन्या, 🫂 भुगा झालेली बट्टीच वरणात जास्त मुरते तसं.

उंबरठा
आमच्याकडे चंपाषष्ठीला. खंडोबाला भरीत-रोडगा. चातुर्मासात वांगं बंद, ते त्या दिवशी सुटायचं. चार महिन्यांनी पहिलं वांगं आणि ते पण भाजलेलं, वास गल्लीभर. सासरी वांगं बाराही महिने चालतं. मला अजून आषाढात वांगं चिरताना कुणीतरी बघतंय असं वाटतं.

कुकरग्रस्त
फसलेले आधी ना? घ्या. लग्नानंतर पहिल्यांदा केल्या. ओव्हन नाही. जाऊबाई फोनवर म्हणाल्या, "कुकरमध्ये ठेव, पाणी नको, शिटी काढ." शिटी काढली. रिंग काढायची त्या बोलल्या नाहीत, मला सुचलं नाही. रबर वितळलं. बाट्या वरून छान तांबूस. हे म्हणाले, "धुराचा वास मस्त आलाय." मी गप्प. वास चार दिवस घरात, कुकर भंगारात.

वऱ्हाडी ठेचा
@कुकरग्रस्त 😂😂 भाऊ समजदार आहे

मालव्याचं_पाणी
इंदूरच्या मराठी घरातली मी. बाफले आधी हळदीच्या उकळत्या पाण्यात, वर तरंगून आले की काढायचे, पुसून सुकवायचे, मग भाजायचे. म्हणून आतून मऊ. राजस्थानी बाटी तशीच कोरडी भाजतात, ती फोडायला जोर लागतो. बाबा बाफला फोडून तुपाच्या वाटीत बुडवत आणि ताटावरूनच जाहीर करत, "आज दुपारी मला कुणी फोन देऊ नका."

नवशिकी
एअरफ्रायरला किती वेळ?

खान्देशकन्या
@नवशिकी आधी वाफवूनच घे, नाहीतर वरून कडक, आत कच्चं पीठ. मग तेलाचा हात लावून १८० वर १५ मिनिटं, उलटून अजून ८-१०. छोट्याच वळ. एक मोडून बघ.

उंटावरचा
मी गोवऱ्या ऑनलाइन मागवल्या. पूजेच्या निघाल्या, कापूर लावलेल्या. गच्चीवर बाट्या भाजल्या, होम झाल्यासारखा वास. वॉचमन वर आला, कसली शांत आहे विचारायला. त्याला दोन दिल्या. तो भिंडचा, त्याने पहिला घास घेऊनच सांगितलं, मोहन कमी पडलंय. बरोबर होतं त्याचं.

उंबरठा
भरताची वांगी पुण्यात कुठे मिळतात? ती हिरवी, मोठी, बिया कमी. जांभळ्याचं भरीत मला चालत नाही.

खान्देशकन्या
थंडीत जळगावहून येणाऱ्या कुणालाही सांगायचं, दुसरा उपाय नाही. २०१६ला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालंय त्यांना. मामा अजून खोक्यात पेपर गुंडाळून बसने पाठवतो, बरोबर कांद्याची पात फुकट.

वऱ्हाडी ठेचा
मामाचा पत्ता द्या

खान्देशकन्या
नाही 😛

सायलेंट_वाचक
घरघंटीत बट्टीचं पीठ कोणत्या जाळीवर येतं? गहू भरून बसलेय.

खान्देशकन्या
रव्याची जाळी असते ना, तिच्या एक नंबर खालची. पहिली वाटीभर काढून बोटांत चोळून बघ, कणी लागली पाहिजे पण टोचायला नको. मका टाकलास का?

सायलेंट_वाचक
टाकला. लाईट गेली आत्ताच 🤦‍♀️ आली की सांगते.