हरणं खात नाहीत असा कांदा

अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये हरणं बागेतले ट्युलिप शिल्लक ठेवत नाहीत, म्हणून त्यांच्याऐवजी शोभेचे कांदे, म्हणजे फुलांसाठी लावायचे कांदे, कोणते लावावेत अशी चौकशी झाली आहे. दुकानातले जांभळ्या चेंडूसारख्या फुलांचे कांदे सुंदरच, पण मी म्हणेन तिथलाच रानटी कांदा लावा: अ‍ॅलियम सर्न्यूअम, म्हणजे नॉडिंग अनियन. हरणं आणि ससे याच्या वासानेच सहसा लांब राहतात.

उंची फूट-दीड फूट. जून ते ऑगस्टमध्ये फिक्या गुलाबी फुलांचा झुबका येतो. दांडा टोकाशी वाकतो, त्यामुळे फुलं खाली मान घालून असतात आणि भुंगेमाश्या त्यांना उलट्या लटकून मध पितात. बी धरू लागलं की एकेक फुलाचा देठ वर वळतो. हे जवळून बघायलाच हवं, फार देखणं असतं!

कंद मिळाले तर शरद ऋतूत दोन-तीन इंच खोल लावा. बियांना ओली थंडी लागते, म्हणून त्या हिवाळ्याआधी बाहेरच पेरून टाकणं सगळ्यात सोपं. ऊन भरपूर हवं, थोडी सावली चालते, पण पाणी साचता कामा नये. बी आपोआप पडून रोपं उगवतात. नको असतील तर सुकण्याआधी झुबके कापा.

पात खाता येते, पण रानातून उपटून आणू नका. डेथ कॅमस नावाची विषारी वनस्पती तशीच दिसते, फक्त तिला कांद्याचा वास नसतो. आणि घरात कुत्रा-मांजर असेल तर सांभाळा, त्यांना कुठलाही कांदा बाधतो.