परसातली वेलची केळ, १४ महिने झाले, केळफूल नाही

प्रश्न: नमस्कार. आमचं घर रत्नागिरीजवळ. न्हाणीच्या पाण्यावर सासूबाईंनी लावलेला वेलची केळीचा एक मुनवा (बुंध्याशी फुटणारं पिल्लू), आता त्याच्याभोवती नऊ मुनवे झालेत. पानं हिरवीगार आहेत, पण घड काही येत नाही. सासूबाई गेल्या वर्षी गेल्या, त्यामुळे या झाडाला पहिलं फळ यावं असं फार वाटतं. काय करू?

परसबाग: ताई, नऊ मुनवे म्हणजे आईच्या ताटातलं नऊ जण खातायत. एकच ठेवा, तलवारीसारख्या अरुंद पानांचा, बुंध्याला जाड असलेला. लहानपणीच रुंद पानं फुटलेले काढा, ते कांद्याला, म्हणजे केळीच्या जमिनीतल्या गड्ड्याला, नीट धरलेले नसतात. नुसतं वरून कापू नका, पुन्हा फुटतात. पहारीने कोंब उकरून काढा. ऊन किती मिळतं?

प्रश्नकर्ती: सकाळी नऊपर्यंतच. मग फणसाची सावली.

परसबाग: मग उशीर त्यामुळेही होतोय. फणसाच्या खालच्या फांद्या उतरवा. चुलीची राख, शेणखत बुंध्यापासून हातभर लांब घाला.

वसईकर: न्हाणीचं पाणी साबणाचं असेल तर थोडं वळवा, आणि पाणी साचू देऊ नका, कांदा कुजतो. घड बाहेर पडला की बांबूचा टेकू लगेच द्या, आमचे दोन घड पावसाळी वाऱ्यात खोडासकट आडवे झाले. शेवटची फणी उघडल्यावर केळफूल कापा, भाजी करा.

प्रश्नकर्ती: आज आठ मुनवे काढले. दोन शेजारच्या काकूंना दिले.