परसातल्या कोंबड्यांचे दुखणे आधी कसे ओळखावे?

प्रश्न:
माझ्याकडे सहा कोंबड्या होत्या. गेल्या आठवड्यात त्यांतली एक, आदल्या संध्याकाळपर्यंत बाकीच्यांबरोबर दाणे टिपणारी, सकाळी खुराड्यात मेलेली आढळली. उचलली तेव्हा पिसांच्या आत नुसता हाडांचा सापळा हाताला लागला. उरलेल्या पाचांच्या बाबतीत असे होऊ नये, यासाठी काय पाहत राहावे?

उत्तर १:
आपली कोंबडी बहुधा बरेच दिवस आजारी असावी. अशक्त दिसणाऱ्या कोंबडीला बाकीच्या टोचतात, त्यामुळे ती दाणे टिपण्याचे निदान सोंग तरी शेवटपर्यंत करते. म्हणून नुसत्या नजरेवर विसंबू नये. आठवड्यातून एकदा, अंधार पडल्यावर त्या शांत असताना, प्रत्येकीला उचलून छातीचे मधले हाड चाचपावे. ते सुरीच्या पात्यासारखे धारदार लागले, तर तिचे मांस झडले आहे असे समजावे. गळ्याखालची अन्नाची पिशवी रात्री भरलेली आणि सकाळी दाणे घालण्यापूर्वी रिकामी असायला हवी. सकाळीही ती दगडासारखी घट्ट, किंवा लिबलिबीत असून तोंडाला आंबूस वास येत असेल, तर पशुवैद्यांना दाखवावे.

उत्तर २:
त्याच वेळी विजेरी घेऊन बसायच्या दांड्यांच्या फटी आणि खालची बाजू तपासावी. लाल माइट नावाचे अगदी बारीक किडे दिवसा फटींत दडून रात्री कोंबड्यांचे रक्त पितात, त्यामुळे दिवसा कोंबडी तपासून काहीच सापडत नाही आणि तुरा मात्र फिकट पडत जातो. (पिसे झडण्याच्या काळातही तुरा फिकटतो, तेव्हा केवळ त्यावरून घाबरू नये.)

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. दांडीच्या टोकाशी राखेसारखी भुकटी होती. बोट फिरवले तर बोटावर रक्ताचा डाग उमटला. मधूनच तपकिरी, चिकट, फार दुर्गंधीयुक्त विष्ठाही दिसते. तीही आजाराचीच समजावी का?

उत्तर २:
तो डाग माइटचाच. खुराडे पूर्ण रिकामे करून फटी घासून काढाव्यात, औषध पशुवैद्यांच्या सल्ल्याने वापरावे आणि आठवड्याभराने पुन्हा उपचार करावा, कारण अंड्यांतून नवे किडे निघत राहतात. तशी विष्ठा मात्र दिवसातून काही वेळा होणे स्वाभाविक आहे. तीत रक्त दिसले, विशेषतः पिल्लांच्या, तर तो कॉक्सिडिओसिस (आतड्यांतल्या सूक्ष्म परजीवींमुळे होणारा आजार) असू शकतो आणि त्यात एक दिवसही दवडू नये.

उत्तर १:
सहावी कोंबडी आणणार असाल, तर तिला महिनाभर वेगळ्या खुराड्यात ठेवावे आणि तिचे दाणापाणी सर्वांत शेवटी करावे, म्हणजे तिला काही आजार असल्यास तो बाकीच्यांपर्यंत पोचणार नाही.