डेबियन 12: /बूट भरलं, कोहा-कॉमन 'केप्ट बॅक', रेपोच्या चावीची तक्रार. आधी काय सोडवायचं?

ग्रंथसर्व्हर

कॉलेजच्या ग्रंथालयात कोहाचा (ग्रंथालय चालवण्याचं सॉफ्टवेअर) सर्व्हर आहे. डेबियन 12 (लिनक्सचा एक प्रकार), मारियाडीबी हा डेटाबेस त्याच मशीनवर, रूट (मुख्य पार्टिशन) एलव्हीएमवर (डिस्कची जागा लवचीकपणे वाटणारी व्यवस्था), एन्क्रिप्शन नाही. अडचणी तीन, पण एकमेकींत गुंतलेल्या.

/बूट (कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, आणि सुरू होताना लागणाऱ्या फाइलींची जागा) वेगळ्या पार्टिशनवर आहे, एकूण 237 एमबी, आणि 'डीएफ -एच' मध्ये 100 टक्के भरलेलं दिसतं. लिनक्स-इमेजचं नवं पॅकेज बसताना 'अपडेट-इनिटरामएफएस' (कर्नलला बूट होताना लागणारी इनिटआरडी फाइल बनवणारी कमांड) जागा नाही म्हणून थांबतं. तेव्हापासून आप्टची (पॅकेजेस बसवणारं साधन) प्रत्येक कमांड तिथेच येऊन अडकते. 'आप्ट अपडेट' दिलं की कोहाच्या रेपोवर (पॅकेजेसचा ऑनलाइन साठा) 'नो_पबकी', म्हणजे सही तपासायची चावी नाही, असं येतं. आणि कोहा-कॉमन तर हे सगळं सुरू व्हायच्या आधीपासून 'केप्ट बॅक' (अपग्रेड न करता रोखलेलं) दाखवतंय.

नेटवर शोधलं तर 'फुल-अपग्रेड करून टाका', 'लॉक फाइल उडवा', '/बूटमधल्या जुन्या फाइल आरएम करा' असे सल्ले मिळतात. पुस्तकांची देवघेव याच सर्व्हरवर चालते, त्यामुळे प्रयोग नकोत. कोणत्या क्रमाने जावं? आणि याच वेळी डेबियन 13 वर जावं का?

पॅकेजपाल

डेबियन 13 तूर्त बाजूला ठेवा. क्रम असा: आधी जागा, मग अर्धवट राहिलेली पॅकेजेस, मग चावी, आणि शेवटी 'केप्ट बॅक'. मधली पायरी गाळलीत तर पुढची कमांड खोटं चित्र दाखवते. एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: हे पूर्ण निस्तरेपर्यंत रीबूट करू नका. ज्या कर्नलचा इनिटआरडी तयारच झालेला नाही तो ग्रबच्या (मशीन सुरू करणारा प्रोग्राम) मेनूत पहिला आला, तर बूट होताना रूट पार्टिशन सापडणार नाही.

(कमांड इथल्या पद्धतीप्रमाणे देवनागरीत लिहितोय, टर्मिनलवर रोमनमध्येच टाइप करा.)

'युनेम -आर' ने चालू कर्नल कोणता ते बघा आणि कागदावर लिहून ठेवा. मग 'डीपीकेजी -एल' (डीपीकेजी म्हणजे आप्टच्या खालचं पॅकेज-साधन) ची यादी 'लिनक्स-इमेज' वर गाळून घ्या. डावीकडची दोन अक्षरं महत्त्वाची. 'आयआय' म्हणजे नीट बसलेलं. 'आरसी' म्हणजे काढलेलं, फक्त कॉन्फिग फाइल उरल्यात. मोठं 'एफ' असलेलं 'आयएफ' म्हणजे कॉन्फिगर होताना पडलेलं, आणि तुमचा नवा कर्नल बहुधा याच अवस्थेत असेल.

आता जुने कर्नल काढायचे. 'आप्ट ऑटोरिमूव्ह' इथे चालणार नाही, कारण मोडलेलं पॅकेज समोर असताना आप्ट पुढे जायला नकार देतो. म्हणून थेट 'डीपीकेजी --पर्ज लिनक्स-इमेज-6.1.0-18-एएमडी64' असं सर्वांत जुन्या कर्नलचं पूर्ण नाव देऊन काढा. चालू कर्नल आणि सर्वांत नवा, या दोघांना हात लावू नका. चुकून चालू कर्नलचं नाव दिलंत तर इशारा येतो, तिथे थांबायचा पर्याय निवडा.

'आरएम' का नको, तर फाइल गेली तरी डीपीकेजीच्या नोंदीत ते पॅकेज बसलेलंच राहतं. पुढच्या वेळी 'अपडेट-इनिटरामएफएस' सगळ्या कर्नलांसाठी चाललं की तो त्याच कर्नलचा इनिटआरडी पुन्हा बनवू शकतो. पर्ज केलं की पॅकेज, इनिटआरडी आणि ग्रबमधली नोंद तिन्ही एकदम जातात.

60-70 एमबी मोकळे झाले की:

'डीपीकेजी --कॉन्फिगर -ए'
'आप्ट --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल'
'डीपीकेजी --ऑडिट'

शेवटच्या कमांडने काहीही छापलं नाही तर पॅकेजेस जागेवर आली. त्यानंतरच 'आप्ट ऑटोरिमूव्ह --पर्ज' द्या, आणि 'वाय' दाबण्याआधी यादी ओळ न् ओळ वाचा. त्यात कोहाची किंवा मारियाडीबीची पर्ल (प्रोग्रामिंगची भाषा) लायब्ररी दिसली तर थांबा आणि 'आप्ट-मार्क मॅन्युअल' ने तिच्यावर खूण करा.

लॉक फाइल कधीच उडवू नका. लॉक आहे म्हणजे दुसरी प्रक्रिया डीपीकेजीच्या नोंदीत लिहितेय. दोघांनी एकदम लिहिलं तर जे बिघडतं ते एका कमांडने दुरुस्त होत नाही. 'पीएस' मध्ये ती प्रक्रिया शोधा आणि संपू द्या.

ग्रंथसर्व्हर

दोन जुने कर्नल पर्ज केले, ऑडिट कोरं आलं. 'आप्ट-मार्क शोहोल्ड' मध्ये कोहा-कॉमन दिसतंय. म्हणजे आधी कोणीतरी मुद्दाम रोखून ठेवलंय. होल्ड काढू का? चावीची तक्रार अजून तशीच.

सूचीकार

होल्ड लगेच काढू नका, आधी तो का लावला ते समजून घ्या. उत्तर बहुधा रेपोच्या ओळीत सापडेल. /ईटीसी/आप्ट/सोर्सेस.लिस्ट.डी मधली कोहाची फाइल उघडा. सूट (रेपोतली कोणती शाखा घ्यायची ते) म्हणून 'स्टेबल' लिहिलं असेल तर तो शब्द एका आवृत्तीवर थांबत नाही. कोहाची मोठी आवृत्ती दर मे आणि नोव्हेंबरमध्ये येते आणि 'स्टेबल' पुढे सरकतं. साध्या 'आप्ट अपग्रेड' ने डेटाबेसची रचनाच बदलली जाऊ शकते, तीही देवघेव चालू असताना. ही भीती असणाऱ्यांनी होल्ड लावलेला असतो. पण होल्डमुळे त्याच आवृत्तीतल्या सुरक्षेच्या दुरुस्त्याही अडतात. म्हणून सूटच्या जागी आत्ता बसलेल्या आवृत्तीचा आकडा लिहायचा, उदाहरणार्थ 24.11, आणि मग होल्ड काढायचा. दुरुस्त्या येत राहतात, मोठी उडी मात्र तुम्ही आकडा बदलाल तेव्हाच. त्या आवृत्तीची देखभाल चालू आहे ना, तेवढं कोहाच्या संकेतस्थळावर बघून घ्या.

चावीचं असं: 'आप्ट-की' आता वापरायचं नाही, डेबियन 13 मध्ये ते उरलेलंच नाही. /ईटीसी/आप्ट/कीरिंग्ज ही डिरेक्टरी 755 परवानगीने बनवा, कोहाच्या डेबियन रेपोवरची जीपीजी.एएससी फाइल उतरवून तिथे कोहा.एएससी नावाने ठेवा. रेपोची ओळ नव्या पद्धतीच्या कोहा.सोर्सेस फाइलमध्ये अशी:

टाइप्स: डेब
यूआरआयज: कोहाच्या रेपोचा पत्ता
सूट्स: 24.11
कॉम्पोनंट्स: मेन
साइन्ड-बाय: /ईटीसी/आप्ट/कीरिंग्ज/कोहा.एएससी

जुनी .लिस्ट फाइल काढून टाका, नाहीतर एकच रेपो दोनदा लिहिल्याची तक्रार येते.

इथे दोन जागी गाडी अडते. एक, फाइलचं एक्स्टेन्शन. मजकुराच्या रूपातली चावी, म्हणजे जिच्या सुरुवातीला 'बिगिन पीजीपी' अशी ओळ असते, ती .एएससी नावानेच हवी; .जीपीजी नाव फक्त बायनरी चावीला. उलटसुलट झालं तर फाइल जागेवर असूनही 'नो_पबकी' येत राहतं. दुसरं, परवानगी. आप्ट सही तपासतो ती '_आप्ट' या वेगळ्या वापरकर्त्याच्या नावाने. रूटचा युमास्क (नव्या फाइलची परवानगी ठरवणारी सेटिंग) कडक असेल तर फाइल 600 होते आणि '_आप्ट' ला ती वाचताच येत नाही. 'सीएचमोड 644' करा.

आणखी एक खोच. सही चुकली तरी आप्ट जुनी सूची फेकत नाही, तीच पुढे वापरतो. तसं सांगणारी ओळ 'आप्ट अपडेट' च्या शेवटी असते आणि नजरेतून सुटते. त्या सूचीतलं पॅकेज रेपोवरून कधीच हटलेलं असलं की 404 येतो आणि माणूस नेटवर्क तपासत बसतो. म्हणून चावी बसेपर्यंत 'आप्ट लिस्ट --अपग्रेडेबल' वर विश्वास ठेवू नका. बसल्यावर 'आप्ट-कॅशे पॉलिसी कोहा-कॉमन' द्या. बसलेली आवृत्ती, उमेदवार आवृत्ती आणि ती कुठल्या रेपोतून येणार, हे तिन्ही एका जागी दिसतं.

मग 'कोहा-डंप' आणि पुढे इन्स्टन्सचं (सर्व्हरवरची तुमची कोहाची मांडणी) नाव. /व्हार/स्पूल/कोहाखाली दोन फाइल तयार होतात, एक डेटाबेसची, एक कॉन्फिगची. दोन्ही दुसऱ्या मशीनवर हलवा, तरच तो बॅकअप. त्यानंतर 'आप्ट-मार्क अनहोल्ड कोहा-कॉमन', आणि लगेच 'आप्ट -एस फुल-अपग्रेड'. 'एस' म्हणजे फक्त दाखव, काही करू नको. 'रेम्व्ह' ने सुरू होणारी एकही ओळ नसेल तर खरी कमांड द्या.

पॅकेज बसताना डेटाबेसची रचना आपोआप पुढे नेली जाते. कर्मचाऱ्यांच्या पानाऐवजी इन्स्टॉलरचं पान उघडलं तर ती पायरी अपुरी राहिली असं समजा, 'कोहा-अपग्रेड-स्कीमा' इन्स्टन्सच्या नावासह हाताने चालवा, मग मेमकॅश्ड आणि कोहा-कॉमन रीस्टार्ट करा. इन्स्टन्सची कोहा-कॉन्फ.एक्सएमएल अपग्रेडमध्ये बदलत नाही. मोठ्या आवृत्तीत नव्या सेटिंग्ज आल्या तर नमुना फाइलशी 'डिफ' करून त्या हातानेच घालाव्या लागतात.

रात्रपाळी

वरच्या दोन्ही उत्तरांशी सहमत, पण मूळ दुखणं नियमित अपडेट न होण्याचं आहे. 'अनअटेंडेड-अपग्रेड्स' लावा. बरेच जण सर्व्हरवर ते बंद ठेवतात, आपोआप काही मोडेल म्हणून. डेबियनवर त्याची मूळ मांडणी पुरेशी सावध आहे: डेबियनच्या मुख्य आणि सुरक्षा रेपोतली पॅकेजेसच घेतं. कोहाचा रेपो 'ओरिजिन्स-पॅटर्न' मध्ये तुम्ही स्वतः लिहिल्याशिवाय त्याला हात लावत नाही, तेव्हा लिहू नका. आपोआप रीबूटही मूळात बंदच असतं.

चालू करण्याआधी 'अनअटेंडेड-अपग्रेड --ड्राय-रन --डीबग' चा निकाल वाचा. कुठलं पॅकेज घेणार, कुठलं का वगळणार, सगळं लिहिलेलं असतं.

वेळ मात्र बदला. 'आप्ट-डेली-अपग्रेड.टायमर' सकाळी 6 वाजता, अधिक 1 तासापर्यंतच्या विलंबाने चालतो, आणि चुकलेली वेळ मशीन चालू होताच भरून काढतो. रात्री सर्व्हर बंद करत असाल तर सकाळी ग्रंथालय उघडताना नेमकं अपडेट सुरू होतं आणि लॉक दिसतो. 'सिस्टमसीटीएल एडिट' ने टायमर उघडा, 'ऑनकॅलेंडर=' ही ओळ आधी रिकामी लिहा आणि तिच्याखाली तुमची वेळ. रिकामी ओळ विसरलात तर जुनी वेळही तशीच राहते आणि अपडेट दोनदा चालतं.

'नीडरीस्टार्ट' पॅकेजही ठेवा. ओपनएसएसएल किंवा लिबसी बदलली तरी चालू अपाची आणि मारियाडीबी स्मृतीत जुनी लायब्ररीच धरून असतात. सेवा रीस्टार्ट होईपर्यंत दुरुस्ती लागू झालेली नसते, पॅकेज नवं दिसत असलं तरी.

हाताने अपग्रेड करताना टीमक्सच्या आतच करा. नेट गेलं तरी काम चालू राहतं. वीज गेली तर काय, याचं उत्तर यूपीएस.

पॅकेजपाल

आता डेबियन 13 कडे. 12 ला मुख्य सुरक्षा संघाचा आधार जून 2026 पर्यंत आणि एलटीएसचा (दीर्घ मुदतीचा आधार) जून 2028 पर्यंत आहे, तेव्हा जायचं तर आहेच, पण देवघेव चालू असताना घाईने नाही. सुट्टीतले दोन दिवस घ्या.

तुमचा पहिला अडसर पुन्हा /बूटच. 13 च्या प्रकाशन-टिपणांत /बूट किमान 768 एमबी आणि त्यात सुमारे 300 एमबी मोकळे असावेत असं म्हटलंय. 237 मध्ये ते बसवायचं म्हणून इनिटरामएफएस.कॉन्फ मध्ये 'मॉड्यूल्स=डेप' करता येतं; इनिटआरडी खूप लहान होतो, पण फक्त याच हार्डवेअरपुरता. उद्या मदरबोर्ड गेला आणि डिस्क दुसऱ्या मशीनला लावली तर बूट होईलच असं नाही. ग्रंथालयाच्या सर्व्हरवर मी तो मार्ग घेणार नाही.

एन्क्रिप्शन नाही म्हटलंत, म्हणजे वेगळ्या /बूटची गरजच नाही. ग्रब एलव्हीएम वाचतो. रूटमध्ये 1 जीबी मोकळा असल्याची खात्री करा. 'सीपी -ए' ने /बूटची प्रत /बूट.नवा मध्ये घ्या. यूईएफआय असेल तर /बूट/ईएफआय त्याआधी अनमाउंट करा. मग /बूट अनमाउंट करा, प्रतीतला मजकूर खालच्या रिकाम्या /बूटमध्ये हलवा, एफएसटॅबमधली (कोणतं पार्टिशन कुठे जोडायचं याची फाइल) /बूटची ओळ कॉमेंट करा, ईएफआय परत माउंट करा. आता 'ग्रब-इन्स्टॉल' (जुन्या बायोसवर डिस्कचं नाव देऊन, पार्टिशनचं नाही) आणि 'अपडेट-ग्रब'. ग्रब-इन्स्टॉल गाळलंत तर ग्रब जुन्या पार्टिशनवरचीच कॉन्फिग वाचत राहतो आणि पुढचा नवा कर्नल मेनूत कधीच दिसत नाही. जुनं पार्टिशन दोन-तीन यशस्वी रीबूट होईपर्यंत पुसू नका.

दुसरा अडसर पर्ल. कोहा पर्लमध्ये आहे, 12 मध्ये पर्ल 5.36 आणि 13 मध्ये 5.40. तुमची कोहा आवृत्ती 13 वर चालते असं कोहाच्या कागदपत्रांत लिहिलेलं दिसल्याशिवाय निघू नका. मारियाडीबी 10.11 वरून 11.8 वर जाईल. ती आधी स्वच्छ बंद झालेली हवी, किल केलेली नव्हे.

क्रम: 12 पूर्ण अद्ययावत, कोहाचा रेपो तात्पुरता बंद, सोर्समध्ये 'बुकवर्म' (12 चं नाव) च्या जागी 'ट्रिक्सी' (13 चं), 'आप्ट अपडेट', मग 'आप्ट अपग्रेड --विदाउट-न्यू-पीकेजीएस', आणि त्यानंतरच 'आप्ट फुल-अपग्रेड'. या वेळी काढल्या जाणाऱ्या पॅकेजेसची यादी मोठी येईल, कारण बऱ्याच लायब्ररींची नावं 'टी64' शेपटीने बदललीत. जुनी जाऊन तीच नव्या नावाने येतेय का, एवढं पाहा. कोहा-कॉमन किंवा मारियाडीबी-सर्व्हर त्या यादीत असेल तर 'एन' दाबा.

कॉन्फिग फाइलबद्दल विचारेल तेव्हा 'डी' दाबून फरक बघा. काहीच न निवडता एंटर दाबलं तर तुमची जुनी फाइल राहते आणि नवी शेजारी .डीपीकेजी-डिस्ट नावाने पडते. एसएसएच आणि मारियाडीबीसाठी हेच बरं. /ईटीसी/सिसकंट्रोल.कॉन्फ मध्ये काही सेटिंग्ज असतील तर त्या सिसकंट्रोल.डी मधल्या फाइलमध्ये हलवा, 13 मध्ये सिस्टमडी ती जुनी फाइल वाचत नाही.

सूचीकार

एक पुरवणी. काही बिघडलंच तर /व्हार/लॉग/आप्ट मधली हिस्टरी.लॉग आधी उघडा. कोणत्या वेळी कोणती कमांड चालली, कोणतं पॅकेज कुठल्या आवृत्तीवरून कुठे गेलं, सगळं तिथे असतं. टर्म.लॉगमध्ये पडद्यावर आलेल्या चुकाही मिळतात. इथे पुढचा प्रश्न टाकताना त्या दोन्हींचा शेवटचा भाग आणि 'आप्ट पॉलिसी' चा पूर्ण निकाल द्या.